कोरतो बर्फ, पण कुठे ते खडक ठरवतो

नमस्कार. विषय दिलाय हिमनद्यांच्या दऱ्या आणि त्यांच्या खालची जमीन. मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट खटकतेय, की दरी बघितली की आपण सगळं श्रेय बर्फाला देऊन मोकळे होतो, खालच्या खडकाला कुणी विचारतच नाही.

नदीची दरी व्ही आकाराची, तिच्यातून हिमनदी गेली की यू, ही आकृती इथे बसलेल्या प्रत्येकाने काढलीय. कॉलेजात मी परीक्षेत तिच्या जोडीला दरीचा उभा छेद काढला, वरपासून खालपर्यंत लांबीने, आणि तो पायऱ्यापायऱ्यांचा दाखवला, म्हणजे खोलगट भाग, मग उंचवटा, परत खोलगट. तपासणाऱ्या सरांनी त्या पायऱ्यांवरून लाल पेनाने तिरकी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'उतार एकसारखा दाखवा'. मार्क गेले त्याचं काही नाही, पण एकसारखा का दाखवायचा? खालचा खडक एकसारखा असतो का?

आणि त्या पायऱ्या मी मनाने काढल्या नव्हत्या. त्याच वर्षी आम्ही बर्फ मागे सरकलेल्या एका दरीत गेलो होतो, तिथे मेंढी बसावी तसा एक खडक होता. जिकडून बर्फ आला त्या अंगाला तळहात फिरवला तर गुळगुळीत, आणि बोटांना बारीक ओरखडे लागतात, सगळे एकाच दिशेचे, बर्फात रुतलेल्या दगडांनी घासून काढलेले. पलीकडे गेलं की तोच खडक तुटका, चौकोनी ठोकळे उपटून नेल्यासारखा, आणि ठोकळे निघालेत ते बरोबर जुन्या भेगांवरच. उरलेल्या एका ठोकळ्यामागे मी बोट घातलं, भेग तिथे होतीच, पुढचा नंबर त्याचाच होता.

बर्फ घासतो ते हळूहळू, उपटतो ते भराभर. तळाशी वितळलेलं पाणी भेगांत शिरतं, त्याचा दाब कमीजास्त होत राहतो, भेग वाढत जाते आणि ठोकळा सुटतो. भेगाच नसतील तर बर्फाला नुसतं घासत बसावं लागतं.

दहाच मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आलीय, त्यामुळे खरा मुद्दा भराभर सांगतो.

कॅलिफोर्नियातली योसेमिटी दरी घ्या. भूवैज्ञानिक फ्रान्स्वा मॅथेसने 1930 साली तिच्यावर सविस्तर अहवाल लिहिला आणि तिथल्या खडकातल्या भेगांवर बोट ठेवलं. तिथल्या एल कॅपिटान या कड्याचा ग्रॅनाइट अखंड, भेगा फार थोड्या, म्हणून सुमारे 900 मीटरचा कडा अजून ताठ उभा आहे आणि तिथे दरी अरुंद आहे. वरच्या अंगाला भेगा दाट, तिथे ती रुंद आणि खोल झाली. सपाट दिसणाऱ्या तळाच्या खाली काही ठिकाणी 600 मीटरच्या आसपास गाळ भरलाय, खरा खडक त्याच्याही खाली.

नॉर्वेतला सोग्नफ्योर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि आता समुद्राचं पाणी भरलेली दरी, आत 1308 मीटर खोल, आणि समुद्राच्या तोंडाशी एकदम उथळ. कारण आत डोंगरांनी बर्फ कोंडून धरला होता, बाजूच्या दऱ्यांचा बर्फही त्यातच येऊन मिळत होता. किनाऱ्यावर त्याला पसरायला जागा मिळाली आणि कोरायचा जोर गेला. म्हणजे तळाशी बर्फ चक्क चढावर चढत होता, कारण त्याला ढकलतो तो वरच्या पृष्ठभागाचा उतार.

शेवटचं, स्वित्झर्लंडमधलं मायरिंगन. तिथे दरीच्या मधोमध किर्शेट नावाचा चुनखडीचा आडवा बांध आहे, हिमनदीला तो काढताच आला नाही, त्याच्या वरच्या बाजूला मात्र तिने खोलगट केलं. पुढे आर नदीने तो बांध चिरून 1.4 किलोमीटरची घळ पाडली. त्या घळीतून चालताना दोन्ही बाजूंना जो खडक दिसतो ना, तीच ती पायरी, लाल रेघेखालची.