रेवदंड्यातली गेलेली माणसं

मंडळी, अलिबागजवळच्या आपल्या रेवदंड्याचा इतिहास म्हटलं की सांगणारा सरळ सातखणी बुरुजापाशी जाऊन उभा राहतो. १५०८ साली लागूनच असलेल्या चौलच्या पाण्यात आरमारांची लढाई झाली, मग पोर्तुगीजांनी कोट बांधला, १५७०-७१ ला निजामशहाचा वेढा पडला, १६८३ ला संभाजीराजांनी वेढा घातला, १७४० साली गाव मराठ्यांकडे आलं. हे सगळं खरं आहे, छापलेलंही आहे. पण या तटाच्या आत रोज चूल कोण पेटवत होतं, आणि ती माणसं पुढे कुठे गेली, हा प्रश्न राहूनच जातो. आज त्याबद्दल बोलू, आणि जास्त करून शोध कसा घ्यायचा त्याबद्दल.

पाहुण्यांनी लिहिलेलं भरपूर आहे. अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला येऊन गेला. तो गावाला सैमूर म्हणतो, राजा झंझ शिलाहार असल्याचं सांगतो, आणि इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते, आणि इथेच जन्मलेलेही होते. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. त्याने इथल्या लोकांच्या उघड्या डोक्यांची आणि एका वेणीची नोंद केली. ही साक्ष मोलाची आहे, पण ती वाटसरूची आहे. त्यात माणसांचा आकडा मिळतो, घर मिळत नाही. घर हवं असेल तर उलट्या बाजूने चालावं लागतं. आजच्या एका उंबऱ्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं.

पहिला कागद सातबारा. त्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो, तो कुणी वाचत नाही. मालक बदलतो, वारस लागतात, तुकडे पडतात, पण वाडीचं जुनं नाव पुष्कळदा त्या रकान्यात तसंच राहतं, आणि ते नाव अनेकदा आधीच्या राहणाऱ्याचं असतं. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, उलटे वाचत जायचे. इथे एक अडचण ठरलेली आहे. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या सुमाराला पुष्कळ जमिनींवरचं मालकाचं नाव उडून कुळाचं नाव लागलं. ‘या सालापासून हे कुटुंब गावात दिसतं’ असं कुणी लिहिलं की समजावं, फसगत झाली. कूळ त्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच कसत होतं, फक्त कागदावर नव्हतं.

दुसरा कागद शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात जन्मतारीख असते, जात असते, आणि शाळा सोडल्याचं कारणही असतं. गाव रिकामं कधी झालं हे त्या शेवटच्या रकान्याइतकं सरळ दुसरीकडे कुठेच कळत नाही. एकाच आडनावाची चार मुलं दोन वर्षांत ‘मुंबईस गेल्यामुळे’ कमी झाली, तर ते घर बंद झालं असं धरून शोध घ्यायला हरकत नाही. जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवू नये. दाखल करताना मास्तरांनी १ जून लिहून टाकणं सर्रास चालायचं.

आडनावाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण कोकणात सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. ‘कर’ लागलेलं आडनाव माणूस कुठे राहतो हे सांगत नाही, तो कुठून निघाला हे सांगतं. गावात सगळेच रेवदंड्याचे असताना कुणाला ‘रेवदंडकर’ म्हणण्याची गरजच पडत नाही. ते नाव चिकटतं ते दुसऱ्या गावी गेल्यावर. म्हणून गेलेली माणसं शोधायची तर आपल्या गावाचं नाव इतर गावांच्या यादीत शोधायचं. आणि त्या नावावरून जात-धर्म ठरवायचा नाही. दिवेकर हे आडनाव हिंदू घराण्यांत आहे, तसंच ते बेने इस्रायल समाजातही आहे.

बेने इस्रायल म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे यहुदी. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचा हा वंश. तेल गाळणं हा त्यांचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. केहीमकर, नवगावकर, झिराडकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं वाचली की अष्टागर, म्हणजे अलिबागच्या आसपासचा किनारा, ते रोहे असा सगळा मुलूख डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांचं रेवदंड्यातलं प्रार्थनास्थळ, बेथ एल, आजही उभं आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. त्यांनाच लोक समाजी हसाजी म्हणत. नीट लक्षात घ्या: मोडी कागदात फक्त ‘समाजी बिन हसाजी’ एवढंच आलं, तर वाचणारा त्याला डोळे झाकून मराठा किंवा माळी ठरवून मोकळा होईल. एवढ्यानेच एक अख्खं घर इतिहासातून पुसलं जातं. म्हणून नाव सुटं उतरवायचं नाही. त्याच्या मागे-पुढे धंदा, आळी, चतुःसीमा (जमिनीच्या चार बाजूंना काय आहे) काय लिहिली आहे ते जसंच्या तसं घ्यायचं.

आता तारखा. शके असेल तर ७८ मिळवायचे, पण इंग्रजी जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १६६२ चा माघ हा १७४१ मध्ये येतो, १७४० मध्ये नाही. मराठेशाहीच्या कागदांवर येणाऱ्या सुहूर सनात याहून जास्त चुका होतात. तो आकड्यांत लिहिलेला नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि एकक आधी येतो. ‘इहिदे अर्बैन मया व अलफ’ म्हणजे एक, चाळीस, शंभर आणि हजार, मिळून ११४१. त्यात ५९९ मिळवले की १७४०. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. रेवदंडा मराठ्यांकडे आल्यानंतरचे पहिले कागद याच सनातले असणार. नवखा वाचणारा अर्बा आणि अर्बैन यांत घसरतो. अर्बा म्हणजे चार, अर्बैन म्हणजे चाळीस. तसंच खमस पाच, खमसैन पन्नास, सीत सहा, सितैन साठ. घाईच्या मोडीत शेवटचा फराटा सुटला की छत्तीस वर्षांची, पंचेचाळीस वर्षांची चूक होते, आणि आजोबांच्या जागी नातू येऊन बसतो.

यहुदी थडग्यांवर आणखी निराळी रीत. तिथे वर्ष हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला. समजा ताव, रेश, लामेद, बेथ अशी अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, बेथ २, मिळून ६३२. त्यात १२४० मिळवले की १८७२. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून मृत्यू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतला असेल तर १८७१ धरायचं. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजला की रेश आणि दालेथ सारखेच दिसतात, आणि दालेथची किंमत फक्त चार. अशा वेळी त्याच थडग्यावर मराठी मजकूर आहे का ते आधी पाहावं. पुष्कळ थडग्यांवर असतो.

दगड वाचण्याची वेळ सकाळी उन्हं तिरपी असताना, नाहीतर अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरायची. दुपारच्या उन्हात कोरीव अक्षर सपाट होऊन जातं. पाऊस संपल्यावर शेवाळ वाळू द्यावं, मग साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, साबण नको. आणि कृपा करून अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका. रंग भरणाऱ्याने जे वाचलं तेच पुढच्या माणसाला दिसतं, दगडावर मुळात काय होतं ते कायमचं झाकलं जातं. फोटोत पट्टी ठेवावी, आणि दगड कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहावं. पोर्तुगीज थडग्यांवर ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरतात आणि शब्द निम्म्यात तोडतात, म्हणून तिथे शब्द नव्हे, अक्षर न् अक्षर उतरवायचं. त्या दगडांवर बहुधा ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ असं असतं.

ते वारस गेले कुठे? १७४० नंतर इथली ख्रिस्ती वस्ती कुंडलिकेपलीकडे कोर्लईला गेली. तिथले लोक आजही घरात जी बोली बोलतात तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. तिच्यातले शब्द पोर्तुगीज आहेत, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. पोर्तुगालमध्ये कुणी असं बोलत नाही. नावं कोरलेले दगड आपल्या तटात राहिले आणि बोलणारी माणसं खाडीपलीकडे. ही दोन्ही गावं वेगवेगळी अभ्यासली की दोन्ही अर्धीच कळतात.

म्हाताऱ्या माणसांना भेटाल तेव्हा ‘किती साली?’ असं विचारू नका. ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी साल सांगतील. ‘रामदास बोट बुडाली त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी बोट. आपल्या भागात ती तारीख घराघरांत माहीत आहे. त्याहून जुनं असेल तर मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ, म्हणजे १९१८. ती पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, पण ‘आमची आजी मानमोडीत गेली’ एवढं घरात सांगितलेलं असतं, आणि तेवढ्यावरून एक पिढी जागेवर बसते.

शेवटी, घरात मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सापडला तर गाठ सोडताना कागद कुठल्या क्रमाने ठेवलेत त्याचा आधी फोटो घ्या. एका व्यवहाराचे कागद बहुधा एकत्रच असतात. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. कसर लागली असेल तर सुती कापडात गुंडाळून कोरड्या फडताळात ठेवा, माळ्यावर नको, तिथे पावसाळ्यात ओल धरते. आणि रुमालावर पेन्सिलीने चिठ्ठी लावा: कुणाच्या घरात, कुठल्या आळीत, कुठल्या दिवशी सापडला.