रोज सव्वासातला आयर्विन

(दृश्य: पहाट. बंद दुकानाच्या पायरीवर पेपरचे गठ्ठे. पुरवण्या भरणारे हात.)

पावसाळा लागला की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची चौकशी एकच, "आयर्विनला किती फूट?" 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा 1929 सालच्या या पुलाचे फोटो घरोघरच्या मोबाईलवर फिरले. पण फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी हा पूल कसा दिसतो, ते टिपून ठेवणारा एक माणूस आहे. पेपरची लाईन टाकतो. "माझं नाव नको," म्हणाला, "पुलाचंच सांगा."

(दृश्य: सायकल घाटाकडे वळते.)

त्याची लाईन संपते घाटाजवळ. सायकल स्टँडला लावायची, मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच बनियनच्या टोकानं पुसायची. पेपरच्या शाईची बोटं लागली की फोटो धुरकट येतो. कठड्यावर ऑइलपेंटचा एक ठिपका आहे, त्यावर मोबाईल टेकवायचा. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषा चालू असतात. डावीकडच्या उभ्या रेषेला पुलाचा ठरलेला खांब लागला की बटण. फोटो एकच. झूम नाही, फिल्टर नाही.

आंघोळीला आलेले एक आजोबा रोज बघतात. "आरं, रोज त्योच पूल! पळून जातोय व्हय?"
"पळाला तर पुरावा नको का, आण्णा?"

(दृश्य: त्याच चौकटीतले फोटो, एकामागून एक.)

वेळ ठरवताना त्याच्यापुढं दोन वाटा होत्या, सूर्य धरायचा की घड्याळ? इथं जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात. सूर्य धरला तर उजेड सारखा मिळतो, पण वेळ रोज सरकते, आणि सरकती वेळ हमखास चुकते. त्यानं घड्याळ धरलं. सव्वासात. त्यामुळं मे महिन्यात पूल लख्ख उजळलेला, आणि जानेवारीत सांगलवाडीकडचं टोक धुक्यात गायब. माझ्या मते निम्मं काम इथंच झालं. आज काय काढू, कधी काढू, हा घोळच उरला नाही.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टननं 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातूनच लगेच छापून येणारा फोटो, काढला, थेट 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत. शेवटचे कित्येक फोटो आजारपणातले. हे मी आमच्या पेपरवाल्याला सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "एका फोटोला किती पडायचं हो?"

(दृश्य: महिन्यांचे तक्ते. काही चौकटी कोऱ्या.)

आता कोऱ्या तारखा बघा. 27 जानेवारी. 16 ऑगस्ट. या दिवशी पेपरला सुट्टी. पावसानं खंड पाडला नाही, थंडीनं नाही. पाडला तो सुट्टीनं. सायकल निघाली नाही की फोटोही राहिला. म्हणून आता सुट्टीच्या सकाळी तो चहा घाटाजवळच्या टपरीवर घेतो, घरी नाही. हुकलेल्या तारखेला मात्र दुसऱ्या दिवसाचा फोटो चिकटवायचा नाही, हा त्याचा नियम. हा मला फार आवडला. एक तारीख खोटी निघाली की शेजारच्यांवरही संशय येतो.

कंटाळा येतोच. फेब्रुवारी-मार्चचे फोटो पत्त्यांसारखे पिसले तर त्यालाही लावता येणार नाहीत. पण जरा जवळून बघितलं, की घाटाच्या पायऱ्या मोजता येतात. एप्रिलमध्ये एका सकाळी आभाळ कोरडं ठाक आणि काल दिसणारी पायरी आज पाण्याखाली. वर कोयनेतून पाणी सोडलं होतं. जुलैत पाणी तांबडं, दिवाळीच्या आसपास नितळ. पूर चढला की ठिपकाच बुडतो. मग मागच्या इमारतीची गच्ची. तिथंही एक ठिपका आहे. ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण कोन वेगळा.

(दृश्य: जुना मोबाईल, काचेला तडा. शेजारी नवा.)

सध्या पंचाईत वेगळीच आहे. जुन्या मोबाईलची बॅटरी फुगलीय, आणि नव्याची चौकट जास्त रुंद. तोच ठिपका, पण खांब रेषेला लागत नाही. महिनाभर तो दोन्ही मोबाईलवर फोटो काढणार आहे. खांब जुळेल अशी जागा सापडली, की कठड्यावर शेजारी दुसरा ठिपका, या वेळी पिवळा.