पळालेल्या वर्षांचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

घरातल्या मुलावर केस झाली आणि तो गाव सोडून गेला, की घरचे एकमेकांना धीर देतात, "चार महिने लांब राहू दे, निवळेल सगळं." आज त्या 'निवळेल'बद्दल बोलायचंय. त्यासाठी रॉनी बिग्जचा जमाखर्च मांडू. हा माणूस 36 वर्षं फरार होता आणि त्याने आपल्या आठवणी पुस्तकातून सांगितल्या.

8 ऑगस्ट 1963 ची पहाट, इंग्लंडातलं बकिंगहॅमशायर. बिग्ज ज्या टोळीत होता तिने हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला, बॅटरीवर लाल दिवा पेटवला, टपालगाडी थांबवली आणि सुमारे 26 लाख पौंड लुटले. बिग्जकडे काम एकच होतं, गाडी पुढे नेणारा ड्रायव्हर आणायचा. त्याने आणलेल्या म्हाताऱ्याला ते मोठं डिझेल इंजिन हाकताच आलं नाही. मग जॅक मिल्स या मूळ ड्रायव्हरलाच, डोक्यावर मार बसलेला असताना, गाडी पुढे घ्यायला लावली. मिल्स त्यातून कधीच पुरते सावरले नाहीत. या दरोड्याच्या गोष्टी रंगवून सांगणारे त्यांचं नाव क्वचितच घेतात, याचं फार वाईट वाटतं.

टोळी लपली ते शेतघर नंतर नीट साफ झालंच नाही. तिथल्या सॉसच्या बाटलीवर बिग्जच्या बोटांचे ठसे निघाले. शिक्षा झाली 30 वर्षांची. पंधरा महिन्यांत तो वँड्सवर्थ तुरुंगाची भिंत दोरीच्या शिडीने ओलांडून पळाला.

त्याचा वाटा होता 1 लाख 47 हजार पौंडांचा. चेहऱ्याची शस्त्रक्रिया, खोटी कागदपत्रं, वकील, देशाबाहेर काढणारे लोक, यांतच त्यातला बहुतेक पैसा गेला. फरार माणसाकडून प्रत्येकजण मनाला येईल तो भाव घेतो, आणि त्याला तक्रारही करता येत नाही. 1970 मध्ये बायकोमुलांना ऑस्ट्रेलियात ठेवून तो ब्राझीलला गेला. पुढच्याच वर्षी त्याचा मोठा मुलगा अपघातात गेला. अंत्यविधीलाही बाप पोचू शकला नाही.

1974 मध्ये तो रिओत सापडला. ब्रिटन आणि ब्राझील यांच्यात प्रत्यर्पण करार, म्हणजे आरोपी एकमेकांच्या हवाली करण्याचा करार, नव्हता, शिवाय त्याची ब्राझिलियन जोडीदार गरोदर होती, म्हणून त्याला देशाबाहेर काढता आलं नाही. पण नोकरीला बंदी, आणि रात्री दहाच्या आत घरात. पर्यटकांना घरी जेवायला बोलवायचं आणि दरोड्याची गोष्ट सांगायची, यावर घर चालायचं.

आता खरी बेरीज ऐका. तितकीच 30 वर्षांची शिक्षा झालेले त्याचे काही साथीदार साधारण 12 वर्षं भोगून 1975-76 च्या सुमारास बाहेर आले. तेव्हा बिग्ज 46 वर्षांचा होता. तो 2001 मध्ये, 71 व्या वर्षी, पक्षाघाताने खचून स्वतःहून परतला आणि थेट तुरुंगात गेला. सुटकेचा निर्णय झाला 6 ऑगस्ट 2009 ला, ऐंशी पुरी व्हायला दोन दिवस असताना.

आपल्याकडेही दिवस गेले म्हणून केस विरत नाही. वॉरंट बजावता आलं नाही, तर कोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 खाली उद्घोषणा, म्हणजे हजर होण्याची जाहीर नोटीस, काढतं. हजर व्हायला किमान 30 दिवस मिळतात. ती गावात वाचून दाखवतात, घराच्या ठळक भागी चिकटवतात. कलम 85 खाली मालमत्ता जप्त होऊ शकते. उद्घोषणेनंतरही गैरहजर राहिलं, तर तो वेगळा गुन्हा, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गंभीर गुन्ह्यात कोर्टाने 'उद्घोषित गुन्हेगार' ठरवलं तर सात वर्षांपर्यंत. त्यानंतर अटकपूर्व जामीनही सहसा मिळत नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीवाचून खटला चालवायची तरतूदही आता कायद्यात आहे.

आणि आईवडिलांनो, हे नीट ऐका. शिक्षा टळावी म्हणून आरोपीला जाणूनबुजून आसरा देणं हा गुन्हा आहे. त्यात सूट आहे ती फक्त पती-पत्नीला. आईला नाही, भावाला नाही.

दारावर कागद चिकटला असेल, तर तो फाडू नका. फोटो काढा. केस क्रमांक, कोर्टाचं नाव, तारीख लिहून घ्या. ती तारीख यायच्या आत वकिलाकडे जा. हजर होण्याचा, वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा अर्ज एकत्र तयार ठेवायला सांगा. वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल, तर क्रमांक आहे 15100. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य.