हात पुन्हा हलला, आता पुढचे दोन दिवस

(सांगलीत झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्याची एक पंचाईत आहे. रुग्ण डॉक्टरसमोर येऊन बसतो तेव्हा त्याला काहीच झालेलं नसतं. हात वर करतो, हसतो, नाव-गाव नीट सांगतो. तासाभरापूर्वी त्याच हातातून कपबशी निसटली होती, तोंड एका बाजूला ओढलं होतं, ‘पाणी’ म्हणायला गेला तर भलतंच काहीतरी बाहेर पडत होतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल, जागरण झालं होतं. आणि माणूस परत बागेत औषध मारायला निघून जातो. दवाखान्यात येतात ते थोडे, आणि त्यातले निम्मे बायकोनं हट्ट धरला म्हणून.

याला ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक म्हणतात. आम्ही टीआयए म्हणतो, वर्तमानपत्रं मिनी स्ट्रोक लिहितात. आत घडतं ते असं. रक्ताची गुठळी मेंदूच्या एखाद्या धमनीत अडकते, तेवढ्या भागाचं रक्त थांबतं. मग गुठळी विरघळते किंवा फुटून पुढं सरकते, आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. पण गुठळी आली कुठून? मानेतल्या धमनीत साठलेल्या चरबीच्या थरावरून आली असेल, हृदयातून आली असेल, मेंदूतल्याच एखाद्या अरुंद धमनीत तयार झाली असेल. हात हलायला लागला म्हणून तो उगम बंद होत नाही. पुढची गुठळी मोठी निघाली की अंगावरून वारं जातं, आणि या वेळी हात आपोआप जागेवर येत नाही.

जुनी व्याख्या २४ तासांची होती. त्याच्या आत बरा झाला तर टीआयए, नाही झाला तर पक्षाघात. हे २४ तास सोयीसाठी धरलेले होते. बहुतेक झटके तर एका तासाच्या आतच संपतात. एमआरआय आल्यावर ही व्याख्या डळमळली. पूर्ण बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत पेशी मेल्याचा ताजा डाग दिसायला लागला. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी व्याख्या बदलली: मेंदूच्या पेशी मेल्या नसतील तरच टीआयए. मला विचाराल तर रुग्णासाठी या फरकाला फारसा अर्थ नाही. डाग असो वा नसो, घाई तेवढीच.

ही घाई आम्हा डॉक्टरांना उशिरा कळली. बरेच दिवस टीआयए म्हणजे ‘पुढे कधीतरी धोका’ असं समजलं जायचं. रुग्णाला दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली तरी कुणाला वावगं वाटत नव्हतं. २००० साली कॅलिफोर्नियातून क्लेबोर्न जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तिथल्या १६ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत टीआयएचं निदान झालेल्या १७०७ लोकांचं पुढं काय झालं, एवढंच त्यांनी पाहिलं. ९० दिवसांत १८० जणांना पक्षाघात झाला, म्हणजे शंभरातल्या साडेदहा लोकांना. त्यातले ९१ जण पहिल्या दोन दिवसांतले होते. तीन महिन्यांचा धोका मोजायला गेले, तर त्यातला निम्मा अठ्ठेचाळीस तासांतच उरकलेला! दोन आठवड्यांनंतरची तारीख देणं म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून कळतं.

मग प्रश्न आला, लगेच तपासलं आणि लगेच औषध दिलं तर हे टळतं का? याचं उत्तर ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटानं दिलं, आणि या विषयातला तो माझा सगळ्यात आवडता अभ्यास आहे. नाव एक्स्प्रेस, साल २००७. त्यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. २००२ ते २००४ या पहिल्या टप्प्यात नेहमीची पद्धत होती: फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देणार, क्लिनिक वेळ देणार, तपासणी झाल्यावर सल्ल्याचं पत्र फॅमिली डॉक्टरकडं जाणार, मग तो औषध लिहिणार. तपासणीला साधारण तीन दिवस लागत आणि पहिलं औषध हातात पडायला वीस दिवस. चांगल्या, शिस्तीच्या देशातली ही गोष्ट आहे बरं का. दुसऱ्या टप्प्यात त्यांनी वेळ घेण्याची भानगड काढून टाकली. त्याच दिवशी या, आणि औषध इथेच घेऊन जा. वीस दिवसांचा एक दिवस झाला. पुन्हा पक्षाघात होण्याचं ९० दिवसांतलं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं.

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, हा आधीचा आणि नंतरचा हिशेब आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी पॅरिसमधल्या चोवीस तास उघड्या असलेल्या टीआयए क्लिनिकचे आकडे आले, तेही याच दिशेचे. आणि २०१६ मध्ये रॉथवेल यांनी ॲस्पिरिनच्या जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा उकरून काढली. पहिल्या सहा आठवड्यांत एकट्या ॲस्पिरिननं पुन्हा पक्षाघात होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी केलेला होता. जुन्या चाचण्यांनी कित्येक वर्षांची सरासरी काढली होती, त्यामुळं सुरुवातीचा मोठा फायदा त्या सरासरीत बुडून गेला होता.

दोन गोळ्यांची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या. दोन्ही एकत्र दिल्या तर दुप्पट फायदा होईल, या आशेनं मॅच नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००४ मध्ये आला. गेल्या तीन महिन्यांत झटका आलेले साडेसात हजारांवर रुग्ण, दीड वर्ष उपचार. फायदा जवळजवळ नाही, जिवावर बेतणारा रक्तस्राव मात्र दुप्पट. विषय संपला असं सगळ्यांनी मानलं. मग २०१३ मध्ये चीनमधून चान्स ही चाचणी आली. गोळ्या त्याच, पण झटक्यापासून २४ तासांच्या आत सुरू केलेल्या, आणि दोन्ही एकत्र फक्त २१ दिवस. ५१७० रुग्णांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आलं, रक्तस्राव वाढला नाही. २०१८ ला अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या पॉइंट चाचणीत दोन्ही गोळ्या ९० दिवस दिल्या. फायदा पुन्हा दिसला, पण या वेळी रक्तस्रावही वाढला. दोन्ही चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा फायदा जवळपास सगळा पहिल्या तीन आठवड्यांतला निघाला.

म्हणजे तीच औषधं एकदा नापास झाली आणि एकदा पास, आणि मधला फरक घड्याळाचा.

क्लोपिडोग्रेलबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी. ही गोळी पोटात गेल्यावर यकृतात तयार होऊन मग काम करते, आणि ते काम करणारं जनुक काहींमध्ये मंद असतं. आशियाई लोकांत असं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. २०२१ च्या चान्स-टू चाचणीत अशा लोकांना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकॅग्रेलॉर हे त्याच कामाचं दुसरं औषध दिलं तेव्हा थोडा जास्त फायदा झाला. म्हणून उद्या सगळ्यांनी जनुकाची तपासणी करायला धावू नका. साधी गोळी वेळेत मिळणं हीच आपल्याकडं अजून मारामार आहे.

गोळ्यांनी भागत नाही तिथं उगम शोधावा लागतो. मानेतल्या धमनीचा संबंध मिलर फिशर या कॅनडाच्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडला. एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखं होतं आणि मिनिटांत नाहीसं होतं, तेही याच मालिकेतलं. तीनच वर्षांनी लंडनमध्ये वारंवार झटके येणाऱ्या एका बाईंच्या मानेतल्या धमनीवर शस्त्रक्रिया झाली. पण ती कुणाला करावी हे ठरायला १९९१ उजाडलं. नॅसेट चाचणीत ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या धमनीवर शस्त्रक्रिया केली, तर त्या बाजूचा पक्षाघात दोन वर्षांत २६ टक्क्यांऐवजी ९ टक्के लोकांना झाला. इथंही घड्याळ आलंच: पहिल्या दोन आठवड्यांत केली तर फायदा सगळ्यात जास्त. मानेची डॉपलर तपासणी, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मिरजेत सहज होते, पण ती महिन्याभरानं करून उपयोग काय?

दुसरा उगम हृदय. ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर पक्षाघाताचा धोका पाचपट. इथं ॲस्पिरिन पुरत नाही, रक्त पातळ करणारं औषध लागतं. या बाबतीत पाश्चात्त्य देशांतलं उत्तर जसंच्या तसं उचलू नये, कारण आपल्याकडं अजून संधिवाती तापानं झडपा खराब झालेल्या बायका-पुरुष भरपूर आहेत. नव्या, महागड्या गोळ्यांच्या मूळ चाचण्यांत असे रुग्ण जवळपास नव्हतेच. म्हणून दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्व्हिक्टस ही चाचणी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुग्णांत केली. २०२२ मध्ये निकाल आला आणि सगळ्यांचा अंदाज चुकला. नव्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले. ‘आयएनआर’साठी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे बघायला, सारखं रक्त तपासायला लावतात म्हणून तुम्ही वैतागता, ठाऊक आहे मला. पण खराब झडपेच्या रुग्णानं कुणाच्या सांगण्यावरून ती गोळी परस्पर बदलू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं राहून सव्वाशे वर्षं उलटली. कर्नाटकातून, कोकणातून लोक इथं उपचाराला येतात. सीटी, एमआरआय, ईसीजी, डॉपलर, सगळं आहे. जत-आटपाडीचा माणूस मात्र इथवर येतो तो एकतर पूर्ण लुळा पडल्यावर, किंवा झाडपाला आणि कबुतराचं रक्त चोळून झाल्यावर. मधल्या दोन दिवसांची जागा रिकामी आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सर्वांत मोठं कारण पक्षाघात निघालं, सुमारे १४ टक्के. शहरातला, श्रीमंतांचा रोग ही समजूत तिथंच मोडली.

एक निकाल थोडा कडू आहे, पण सांगायला हवा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातून स्प्रिंट इंडिया नावाची चाचणी झाली. ३१ केंद्रं, ४२९८ रुग्ण. पहिला पक्षाघात झालेल्यांपैकी एका गटाला त्यांच्या भाषेत मेसेज, व्हिडिओ, पुस्तिका दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला: पुन्हा झटका येण्यात काही फरक नाही. काही जण यावरून म्हणाले, म्हणजे लोकशिक्षण फुकट. मी तसं म्हणणार नाही. त्यात घेतलेले लोक झटक्यानंतर दोन दिवस ते तीन महिन्यांतले होते. सगळ्यात धोक्याचे तास त्यात आलेच नाहीत, आणि दोन्ही गटांना नीट औषधं मिळतच होती. पण मेसेज पाठवला की काम झालं, या भ्रमातून मात्र आपण बाहेर यायला हवं.

बी.पी.चं तसं नाही. इंटरस्ट्रोक या ३२ देशांतल्या अभ्यासात पक्षाघाताच्या कारणांत रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा निघाला. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांपैकी एक शेजारचा सातारा. उपकेंद्रात तपासणी, ठरलेली गोळी, महिन्याची एकदम. त्यात हुशारीचं काही नाही, आणि म्हणूनच ते चालतं. मिसरीबद्दल मात्र मी बायकांना दरवेळी सांगतो आणि दरवेळी हरतो.

शेवटी आलेल्या प्रश्नांतले दोन-तीन घेतो.

‘चक्कर आली म्हणजे टीआयए का?’ नुसती चक्कर, नुसती शुद्ध हरपणं, सहसा नाही. कुस बदलताना घर फिरतं ते बहुतेक कानातलं असतं. एका बाजूचा हात-पाय, चेहरा, बोलणं, एका डोळ्याची नजर अचानक गेली की टीआयए धरायचा. साखर उतरली तरी असंच दिसतं, म्हणून मधुमेह असेल तर आधी साखर बघा.

‘घरीच ॲस्पिरिन द्यावी का?’ लक्षणं अजून चालू असतील तर मुळीच नाही. आत रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते, आणि सीटीशिवाय ते कळत नाही. १०८ ला फोन करा. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलात तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं. माणूस पूर्ण बरा झाला असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांपुढं नेऊन बसवा, गोळी ते देतील.

‘आम्हाला काही झालेलं नाही, तरी खबरदारी म्हणून रोज एक घेतो.’ बंद करा, पण आधी डॉक्टरांना विचारून, कारण कुणी हृदयासाठी दिलेली असू शकते. सत्तरीपुढच्या निरोगी लोकांवर झालेल्या ॲस्प्री चाचणीत १९ हजार लोक होते. २०१८ मध्ये निकाल आला. फायदा नाही, रक्तस्राव जास्त.

‘दोन गोळ्या किती दिवस?’ हा प्रश्न विचारलात हे बरं झालं, कारण दोन वर्षं दोन्ही घेत बसलेले लोक माझ्याकडं येतात. हृदयात स्टेंट वगैरे वेगळं कारण नसेल तर साधारण २१ दिवस, मग एक. कोलेस्टेरॉलची आणि बी.पी.ची गोळी मात्र चालूच राहते. चिठ्ठीवर दुसरी गोळी बंद करायची तारीख लिहिलेली नसेल, तर डॉक्टरांना ती तिथंच लिहायला लावा.