फेराचा अर्धगोल कुणी केला?

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘कला, मनःस्वास्थ्य आणि समाज’ असा छापलाय. हे नाव माझं नाही. मी फोनवर म्हटलं होतं, भोंडल्याबद्दल बोलीन. पलीकडून आवाज आला, ‘मॅडम, जरा भारदस्त काही?’ तर हे भारदस्त. यात तीन मुद्दे सांगायचं मी कबूल करून बसलेय. मी शिकवायची तेव्हा धडा कधी वेळेत संपत नसे, हे ठाऊक असलेल्या दोघी पुढच्याच रांगेत बसल्यात. हसू नका गं.

हत्तीपासून सुरुवात करते. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. कुणाकडे हादगा, कुणाकडे भोंडला. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. हे तुम्हाला सांगायला नकोच. पण एक गोष्ट आपण कधी नीट बघितलेली नाही. फेरात प्रत्येकीचं तोंड आत असतं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? पाठी आणि वेण्या. अख्ख्या कार्यक्रमाला प्रेक्षक एकच, तो पाटावर, आणि तो टाळ्या वाजवत नाही.

आता माझं जुनं दुखणं. काही वर्षांपूर्वी एका गृहसंकुलाने मला भोंडला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. भोंडल्याची स्पर्धा! म्हणजे उद्या डोहाळजेवणाचीही घेतील. हातात कागद दिला: वेशभूषा १०, एकसूत्रता १०, सादरीकरण १०, नावीन्य १०. नावीन्य कशात, हत्तीला दोन सोंडा काढायच्या का? बारा-बारा जणींचे गट, एका रंगाच्या शिवलेल्या नऊवारी, गाणी पेनड्राइव्हवर. बायका नुसते ओठ हलवत होत्या. तेही चालवून घेतलं. पण रंगमंचावर आल्या आणि त्यांनी फेर धरलाच नाही! अर्धगोल केला, तोंडं आमच्याकडे. मी संयोजक बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘व्हिडिओत पाठ येते हो.’ आणि हत्ती? तो मागे फ्लेक्सवर, एका बिल्डरच्या हसऱ्या फोटोशेजारी. म्हणजे ज्याच्याकडे तोंड करून गायचं, तो बिचारा पाठी बघत उभा.

तिसऱ्या गटाच्या वेळी पेनड्राइव्ह अडकला. वेड्याच्या बायकोचं गाणं चाललं होतं. करंज्या झाल्या, पुढचं कडवं एकीलाही आठवेना. सगळ्या गप्प. तेवढ्यात खालून, कडेच्या खुर्चीवरून एका आजींनी पुढचं उचललं. खणखणीत. सगळी कडवी म्हटली, मानेने ठेकाही धरला. वरच्या बायका गोंधळल्या, मग त्यांच्या मागोमाग म्हणू लागल्या, आणि खरं सांगते, त्या दिवसातला भोंडला तेवढाच झाला. नंतर त्यांची सून मला म्हणाली, ‘सासरे गेल्यापासून आई हो-नाहीपलीकडे बोलत नाहीत. आज काय झालं कोण जाणे.’

आणि माझ्या सहपरीक्षकांनी त्या गटाचे दोन गुण कापले. बाहेरून मदत घेतली म्हणून. मी भांडले. नियमात बसत नाही म्हणाले. त्या गटाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. मी तेव्हापासून परीक्षक म्हणून कुठे जात नाही. तसं कुणी बोलावतही नाही म्हणा.

पण गाणं कुठलं अडकलं बघा. नवरा वेडा. बायकोच्या करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो. शेवटच्या कडव्यात झोपलेल्या बायकोला मेली समजून जाळून टाकतो. हे आपण आठव्या-नवव्या वर्षी खिदळत म्हटलंय! मला त्यातली भीती चाळिशी उलटल्यावर कळली. परक्या घरात कुणाच्या पदरात पडणार, ही धास्ती परकरातल्या मुली एकमेकींचे हात धरून हसण्यावारी नेत होत्या. ‘वेडा’ हा शब्द आज आपण आजारी माणसाला लावू नये, ते वेगळं. आणि ते कारल्याच्या वेलाचं गाणं? सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी वेल लाव. लावला. आता फुलू दे. फुलला. आता कारली लागू देत. नोकरीत रजेचा अर्ज केलेल्या प्रत्येकाला हे गाणं समजेल.

यातलं एकटीने काही म्हटलं असतं तर ती तक्रार झाली असती, घरात विचारणा झाली असती. फेरात म्हटलं की कुणाच्या तोंडून आलं ते सापडत नाही. जिला सूर नाही तीही त्यात खपून जाते. मन मोकळं होतं ते या खपून जाण्यात. अर्धगोल केलात की...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मुद्दे.

पहिला, जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’च्या, म्हणजे ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. पहाटे घरघरीच्या आडोशाने बाई जात्याशी बोलायची. जातं परत आणा असं मी म्हणत नाही; माझ्या आईने ते ऐकलं असतं तर खुंट्यानेच मारलं असतं. गिरणी आली, मनगटं सुटली, चांगलं झालं. पण त्या बोलण्याला दुसरी जागा आपण दिली का?

दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली ३,००० हून अधिक अभ्यास तपासून अहवाल काढला. कलेचा उपयोग आजार टाळायलाही होतो आणि उपचारातही होतो, असं त्यात आहे. गोळ्या बंद करा असं नाही. मी स्वतः निवृत्तीनंतर चौदा महिने गोळ्या घेतल्यात, डॉक्टरांनी सांगितल्यावरच थांबवल्या. कुणाला फारच जड जात असेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा क्रमांक १४४१६, फुकट आहे, लिहून घ्या.

तिसरा, आणि हा मला सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. फेराबाहेर कोण होतं? मंगळागौरीला विधवेला बोलावत नव्हते. आमच्या लहानपणी खालच्या आळीतल्या मुली आमच्या हादग्याला नव्हत्या, आणि कुणी विचारलंही नाही. मीही नाही. म्हणून आता आमच्या इमारतीच्या वाहनतळावरच्या भोंडल्याला नियम दोनच: येईल तो आत, आणि मोबाइल खिशात. रात्रपाळीचा वॉचमन अमरावतीकडचा आहे. बहिणींची ऐकून भुलाबाईची गाणी त्याला आमच्यापेक्षा जास्त येतात.

आता शेवटी खुर्च्या गोल करून एक गाणं म्हणायचा बेत होता. पण व्यवस्थापक म्हणतात, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत. तेव्हा बाहेर, चपलांच्या मांडणीपाशी या. डबा माझ्याकडे आहे. खिरापत ओळखल्याशिवाय झाकण उघडणार नाही, आणि पुढच्या रांगेतल्या दोघींनी वास घ्यायचा नाही.