पुलावरची दोघं

श्रोतेहो, नमस्कार.

प्रेमात पडलेल्या दोघांची गोष्ट सांगायला घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घरच्यांचा विरोध होता का?" आज जी गोष्ट सांगतेय, तिच्यात घरच्यांचा विरोध नव्हता. मुलगी मुस्लिम, मुलगा सर्ब, म्हणजे ख्रिस्ती, तरीही नव्हता.

मे १९९३. माझं लग्न ठरलेलं. संध्याकाळी आम्ही दोघं इथे सांगलीत आयर्विन पुलावर भेटायचो. हे सांगलीवाडीच्या बाजूनं यायचे, मी गणपती मंदिराकडून. १९२९ सालचा तो पूल, खाली उन्हाळ्यानं आटलेली कृष्णा. दोघांत भडंगाची एक पुडी. भडंग संपायचं, पुडीच्या तळाशी शेंगदाण्याची टरफलं आणि तिखट उरायचं, तरी बोलणं संपायचं नाही. कुणी ओळखीचं सायकलवरून गेलं, की मी पटकन नदीकडे बघायची. त्या पुलावर मला भीती होती ती एवढीच.

त्याच महिन्यात, १९ तारखेला, तिकडे युरोपात, बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेवो शहरात अदमिरा इस्मिच आणि बोश्को ब्र्किच हातात हात घालून एका पुलाकडे निघाले होते. पंचविशीतली मुलं. किशोरवयापासून एकमेकांची. १९८४ साली त्यांच्या गावात हिवाळी ऑलिंपिक झालं होतं, जगभरचे पाहुणे आले होते. कोण मुस्लिम, कोण सर्ब, कोण क्रोएट, यावरून तिथे लग्नं अडत नव्हती. अदमिराच्या आईवडिलांनी बोश्कोला घरचाच मानला होता.

मग बोस्निया ज्या देशाचा भाग होता, तो युगोस्लाव्हिया फुटला. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब फौजांनी सारायेवोला वेढा घातला, तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत उठला नाही. भोवतीच्या डोंगरांवर तोफा, उंच इमारतींमध्ये नेमबाज. पाण्याचे कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं तर जीव मुठीत धरून, आणि चौक ओलांडायचा तो धावत. बोश्कोची आई शहर सोडून गेली. तो गेला नाही. अदमिरा इथे आहे, मग मी कुठे जाऊ, इतका साधा हिशोब. पण शहरात एकटा राहिलेला सर्ब मुलगा दोन्हीकडून संशयाच्या नजरेत येतो. शेवटी दोघांनी मिळून निघायचं ठरवलं.

वाट एकच होती : मिल्याच्का नदीवरचा व्र्बान्या पूल. अलीकडे बोस्नियन सैन्य, पलीकडे सर्बांच्या ताब्यातली ग्रबावित्सा ही वस्ती. याच पुलावर, वेढ्याच्या अगदी सुरुवातीला, सुआदा दिल्बेरोविच ही मेडिकलची विद्यार्थिनी आणि ओल्गा सुचिच या दोघी गोळ्यांना बळी पडल्या होत्या. आज त्या पुलाला त्या दोघींचंच नाव आहे.

दोन्ही बाजूंशी बोलणं झालं होतं. या दोघांना जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. ते पुलाशी पोचले आणि गोळ्या सुटल्या. बोश्को जागीच गेला. अदमिरा जखमी झाली. मंडळी, इथे मी दरवेळी थांबते. ती मागे सरपटली नाही. ती त्याच्याकडे सरपटत गेली, त्याच्या अंगावर हात टाकला आणि तशीच गेली. गोळी कुणाची, हे आजही ठरलेलं नाही. दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात. दोघं कित्येक दिवस तिथेच पडून होती, कारण त्यांना उचलायला जाणाऱ्यावरही गोळी झाडली गेली असती.

रॉयटर्सचा वार्ताहर कर्ट शॉर्क यानं ही बातमी जगाला दिली. जगानं त्यांना सारायेवोचे रोमिओ-ज्युलिएट म्हटलं. मला ते नाव मनापासून पटत नाही. रोमिओ-ज्युलिएटची घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. इथे घरं जुळलेलीच होती. वैर बाहेरून आलं, बंदुका घेऊन आलं, आणि त्यानं एका सरळ संसाराची वाट अडवली. भांडीकुंडी घ्यायची, भाड्याची खोली बघायची, मुलांची नावं ठरवायची, एवढंच तर पुढे व्हायचं होतं. आमचंही तेवढंच झालं. त्या वर्षीच्या मार्गशीर्षात आमचं लग्न झालं.

अदमिरा आणि बोश्कोला आधी सर्बांच्या बाजूला पुरलं होतं. वेढा उठल्यावर, १९९६ मध्ये, त्यांना सारायेवोच्या सिंह दफनभूमीत आणलं. एकच कबर, दोघांची. पुढे २००० साली सिएरा लिओनमध्ये बातमीदारी करताना कर्ट शॉर्कही मारला गेला. त्याच्या अस्थींपैकी अर्ध्या सारायेवोच्या त्याच दफनभूमीत ठेवल्या आहेत, या दोघांच्या शेजारी.