अक्षर थांबलं की गाडी पिकते

नमस्कार. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय पत्रिकेवर छापलाय तो असा: नवं मॉडेल येतंय, थांबू का? हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो. आणि विचारणारा बहुतेक वेळा एकाच जातीच्या गाडीबद्दल विचारतो. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज, मर्सिडीजची सी-क्लास, ऑडीची ए-४. अंगाने आटोपशीर, चालवणाऱ्याला सुख देणारी आणि पन्नास-साठ लाख मागणारी चार दारांची गाडी. छोटी गाडी घेणारा थांबत नाही, त्याला दसऱ्याला ती दारात हवी असते. थांबण्याचा प्रश्न यांना पडतो, कारण यांच्याकडे आधीची गाडी असतेच, आणि ही अशी गाडी माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो.

तीन कसोट्या देईन असं मी आयोजकांना कबूल केलंय, त्या शेवटी देतो. आधी हे दोन तुकडे बघा. पुढच्या रांगेपासून मागे फिरवत न्या. जरा जपून धरा, एकाच्या कडेला बर आहे, म्हणजे पत्रा कापताना राहिलेली धारदार कड, बोट कापेल.

मी चौतीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. प्रेस टूल, डाय, जिग, फिक्स्चर, म्हणजे पत्रा कापायचे-वळवायचे साचे आणि भाग धरून ठेवायच्या चौकटी. तुमच्या हातात आहे तो सीटखालचा ब्रॅकेट. अडीच मिलिमीटरचा पत्रा, चार भोकं, दोन बेंड. कोणत्या गाडीचा ते सांगणार नाही, ते मॉडेल बंद होऊनही बरीच वर्षं झाली. आत्ता नावं घेतली त्या तिघांपैकी कुणाचाही नाही, एवढंच सांगतो. आता अक्षर बघा. एकावर ए पंच केलाय, दुसऱ्यावर एच. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, तिच्यात हे रिव्हिजनचं अक्षर असतं. भागात काहीही बदललं, भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी अक्षर पुढे जातं.

नवं मॉडेल सुरू झालं तेव्हा आम्ही ए दिला. सगळं मापात, गेजमध्ये बसतंय, साहेबांची सही झाली. तिसऱ्या आठवड्यात असेंब्ली लाइनवरून फोन. तिथला फिटर एक बोल्ट तिरका धरून बसवत होता, कारण भोक कागदावर बरोबर असलं तरी त्याच्या हाताला तिथे जागाच नव्हती. मी स्वतः लाइनवर गेलो. त्या पोराने मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त मनगट दाखवलं. पत्र्याच्या कडेला घासून तिथे लाल रेघ उठली होती. अशा रोज कितीतरी गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या. भोक सरकवलं, बी झाला. बर कमी करायला पंच-डायमधली फट बदलली, सी झाला. मग आठ-नऊ महिन्यांनी सर्व्हिस सेंटरांकडून तक्रारी आल्या, गतिरोधकावरून जाताना ड्रायव्हरच्या सीटखाली किरकिर होते. ती किरकिर शोधायला आम्हाला दीड महिना लागला. बेंडची त्रिज्या दोनाची तीन केली, तेव्हा ती थांबली. असं करत पहिल्या वर्षात ए पासून ई, दुसऱ्या वर्षात एफ आणि जी, तिसऱ्या वर्षी एच. आणि त्यानंतर ते मॉडेल बंद होईपर्यंत, चार वर्षं, एचच.

याला आमच्याकडे रनिंग चेंज म्हणतात. त्याची जाहिरात होत नाही. गाडीचं नाव तेच, दिवे तेच, ब्रोशर तेच. पण पहिल्या वर्षाची गाडी आणि चौथ्या वर्षाची गाडी सारखी नसते. एका गाडीत असे हजारो भाग, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यातलं अक्षर आपल्या वेगाने पुढे जात असतं. सगळ्यांची अक्षरं थांबायला आली की गाडी पिकली, असं मी म्हणतो. नवं मॉडेल येतंय म्हणून आपण थांबतो तेव्हा अढीतला पिकलेला आंबा सोडून झाडावरची कैरी मागत असतो. माझ्या डोक्यात गेली वीस वर्षं घोळणारी गोष्ट ती हीच.

आपल्या भागाला हे नव्याने सांगायला नको. १९९५ साली मर्सिडीजची ई-क्लास पिंपरीत बनायला लागली, २००९ पासून त्यांचा कारखाना चाकणला आहे, ए-४ संभाजीनगरजवळ शेंद्र्याला बनत आली. या सभागृहात निदान दहा जण असे असतील ज्यांच्या हातून कुठलं ना कुठलं अक्षर पुढे गेलंय. हात वर करा बघू. अरे, दहा कुठले, वीस आहेत. मग तुम्हीच सांगा, पहिल्या वर्षाची गाडी तुमच्यापैकी किती जण घ्याल? हे बघा, एकही हात नाही.

आता सांगलीची गोष्ट. ही सांगताना थोडा वेळ जाईल, पण ती सांगितल्याशिवाय कसोट्या कळणार नाहीत.

माझे मेहुणे सांगलीत डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे २००९ ची ३ सिरीज होती, डिझेल, चेन्नईला जोडलेली. पंधरा दिवसांतून एकदा सांगली-पुणे, खंबाटकीचा घाट त्यांना पाठ. त्या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं. पुढच्या पिढीपासून ते विजेवर गेलं. जुन्या स्टिअरिंगमधून रस्ता कसा हाताला लागायचा, हे ज्याने चालवलंय त्यालाच कळेल. कराडच्या पुढे डांबर बदललं की तळहाताला समजायचं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात नवी ३ सिरीज दाखवली. मेहुण्यांचा रात्री फोन. "दाजी, विक्रेता जुन्या मॉडेलवर चांगली सवलत देतोय. आपल्या गाडीचे साडेसहा लाख धरतोय. घेऊ का थांबू? खरं सांगा." त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतल्या, गाड्या विकायच्या नाहीत. म्हणजे थांबायला दोन कारणं झाली. मी म्हणालो, थांबा. वर्षभराचा तर प्रश्न आहे.

मी नव्या गाडीबद्दल सगळं विचारलं. इंजिन, गिअरबॉक्स, लांबी, किंमत किती जाईल. जुन्या गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. आणि गाडीत मागे कोण बसतं, हेही विचारलं नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. त्यांचं घर गावभागात. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीने केलं तेच केलं. २००५ च्या महापुराची खूण भिंतीवर होती, तिच्या दोन फूट वर जागा बघून गाडी लावली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण पाण्याखाली गेली आणि गाडीही गेली. महामार्ग शिरोलीजवळ बंद, मी पुण्यात फोन कानाला लावून बसलेलो. घरचे सगळे वेळेत बाहेर पडले होते, सासूबाई मिरजेला भाचीकडे सुखरूप होत्या, हे दोन दिवसांनी कळलं.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. सीटच्या शिवणीत गाळ वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसचं पुस्तक होतं, त्याची पानं एकाला एक चिकटून वीट झाली होती. तिथे जमलेले दोघे-तिघे म्हणत होते, बॅटरी जोडा, एकदा स्टार्टर मारून बघू. मी किल्ली खिशात टाकली. मंडळी, एवढं कायमचं लक्षात ठेवा. पाण्यात गेलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमावाला म्हणतो की हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलं. गाडी टोइंग करूनच न्यायची.

विम्याचे मिळाले चार लाख ऐंशी हजार. ऑक्टोबरात साडेसहा मिळत होते. पण पैशाचं मला तेवढं वाटलं नाही. पाणी ओसरून दहा-बारा दिवस झाले, आणि २१ ऑगस्टला नवी ३ सिरीज भारतात आली. ३२०डी ४१ लाख ४० हजारांपासून, डिझेलवर आपल्याकडे १५ टक्के रोड टॅक्स. मेहुण्यांनी दिवाळीला घेतली. गाडी चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण सासूबाईंचा गुडघा बदललेला. मागे बसताना त्यांना पाय सरळ करता येत नव्हता. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुढच्या गाडीचं बोलत होता, मला वाटलं मागची जागा मोठी असेल." मग जानेवारी २०२१ मध्ये त्याच गाडीची लांब आवृत्ती आली, ग्रॅन लिमोझिन. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटरनी जास्त, आणि त्याचा फायदा मागच्या प्रवाशाच्या पायांना. त्याच मार्चमध्ये एम३४०आय आली, सहा सिलिंडरची, ३८७ हॉर्सपॉवर, म्हणजे मेहुणे मनातून जिची वाट बघत होते ती. दोन्ही गाड्या पहिल्या गाडीनंतर दीड वर्षाच्या आसपास आल्या. वर्षभर थांबून आम्ही जे घेतलं, ते त्या घराला हवं होतं ते नव्हतंच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग भराभर घेतो, कसोट्या राहता कामा नयेत.

पहिली गोष्ट, येतंय ते काय आहे ते बघा. नवे दिवे आणि नवा बंपर आला तर ती फेसलिफ्ट, तिच्यासाठी थांबायचं कारण क्वचितच असतं. पूर्ण नवी पिढी येणार असेल तर तिचा काळ ओळखायला ज्योतिषी नको. सी-क्लासच्या पिढ्या जगात कधी आल्या बघा, १९९३, २०००, २००७, २०१४, २०२१. सातचा पाढा आहे. ३ सिरीज १९७५ पासून सात-आठ वर्षांनी बदलत आलीय. पण जर्मनीतली तारीख ती आपली नव्हे. शेवटची सी-क्लास तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवली, आपल्याकडे मे २०२२ मध्ये आली, ५५ लाखांपासून. म्हणून थांबायचं तर भारताची तारीख छापून आल्यावर थांबा, त्याआधीचं थांबणं मोजू नका. आणि नवी पिढी येताना काय घेऊन जाते तेही बघा. सी-क्लासचे एसीचे खटके गेले, पडद्यावर आले. सी-क्लासमधली सगळ्यात ताकदवान ती सी ६३, तिच्यातलं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन गेलं, दोन लिटरचं चार सिलिंडर आणि जोडीला वीज आली. ताकद वाढली, ६८० हॉर्सपॉवर झाली, पण ज्याला तो आवाज हवा होता त्याने जुनी गाडी शेवटच्या वर्षात घ्यायला हवी होती. जे जाणार आहे तेच तुम्हाला आवडत असेल तर थांबू नका, धावत जा.

दुसरी, तुमच्या दारातली गाडी. तिची तब्येत काय आहे? टायर, क्लच, सस्पेन्शन, विमा, सगळं एका कागदावर मांडा. वर्षभर थांबायचा खर्च तिथे दिसतो. ती निरोगी असेल तर दोन वर्षं थांबा, कारण खरी गाडी तिसऱ्या वर्षी येते, हे आत्ता सांगितलं. ती कुरकुरत असेल तर पिकलेली जुनी पिढी सवलतीत घ्या. मात्र तिथे डोळे उघडे ठेवा. एका शोरूममध्ये, नाव घेत नाही, मला नवी म्हणून दाखवलेली गाडी चौदा महिने यार्डात उभी होती. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचलं म्हणून कळलं. विक्रेत्याने विषय बदलला आणि कॉफी मागवली. मी कॉफी न घेता निघालो, आणि तो राग अजून गेलेला नाही. बिलावरचं वर्ष आणि गाडीच्या पाटीवरचं उत्पादनाचं वर्ष, दोन्ही बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

तिसरी, कर. नव्या मॉडेलची वाट बघताना कर वरखाली होतो. दोन लिटरच्या मोठ्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के उपकर होता, म्हणजे ४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन अशा गाड्यांवर एकच ४० टक्के झाला. त्या ऑगस्टमध्ये घाई केलेल्यांना तो फरक पडला. पण अशी बातमी धरून वर्षानुवर्षं बसता येत नाही. कर बदलणार हे जाहीर झालं तरच महिना-दोन महिने थांबा.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला प्रश्न आहे, आताच्या ३ सिरीजचं काय? म्युनिकला सप्टेंबर २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने नव्या घराण्यातली पहिली गाडी दाखवली, विजेवरची आयएक्स३. त्याच घराण्यातली विजेवरची सेडान २०२६ मध्ये म्युनिकच्या कारखान्यात सुरू होईल असं कंपनीने सांगितलंय, आणि पेट्रोलची नवी ३ सिरीजही येणार आहे. म्हणजे आज शोरूममध्ये आहे ती गाडी शेवटच्या टप्प्यात आहे. तिची अक्षरं थांबलीत. लांब गाडी आहे, सहा सिलिंडर आहे. ज्यांनी हा प्रश्न लिहिलाय त्यांनी खाली लिहिलंय, आमची गाडी २०१४ ची आहे, आई-वडील सोबत असतात. तुम्ही थांबू नका. शनिवारी आई-वडिलांना घेऊन जा, त्यांना मागे बसवा, दार लावा आणि अर्धा तास फिरवून आणा. पुढच्या सीटवर तुम्ही नंतर बसा.

माझे ब्रॅकेट कुठवर पोचले? हां, सहाव्या रांगेत. काका, हातात आहे तो कुठला? अक्षर वाचू नका, कडेवरून हळूच बोट फिरवून सांगा.